बसतो म्हणजे त्याचाच नव्हे : युद्धकाळातल्या जीपचे मूळ भाग कसे ओळखावेत

विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांआड एक जीप उभी होती. मालक म्हणाले, "आजोबांनी डिस्पोजलमध्ये घेतलेली. महायुद्धातली विलीज आहे." मी विश्वास ठेवला आणि गाडी कोल्हापूरला आणली. उघडायला लागल्यावर कळले की चासी फोर्डची आहे, इंजिन लढाईनंतरच्या नागरी जीपचे आहे, जाळी सात फटींची आहे आणि मागचा एक्सल तिसऱ्याच गाडीचा आहे. मालक खोटे बोलत नव्हते. शेतीच्या कामाला गाडी चालती राहावी म्हणून त्या घराने प्रत्येक वेळी जे मिळाले ते बसवले होते.

आपल्याकडे हे इतके सहज घडले त्याला कारण आहे. लढाई संपल्यावर अमेरिकी सैन्याच्या हजारो गाड्या इथेच विकल्या गेल्या. पश्चिम बंगालमधले पानागढ तर डिस्पोजलच्या, म्हणजे सैन्याने विकायला काढलेल्या मालाच्या, बाजारासाठीच ओळखले जाऊ लागले. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली आणि त्याच घराण्यातली सीजे-३बी ही नागरी जीप इथे कित्येक दशके बनत राहिली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले ८० इंचांचे अंतरही तेच राहिले. त्यामुळे १९४३ च्या जीपला १९७० चा गियरबॉक्स थोड्या फेरफाराने बसतो, ब्रेकचे भाग बसतात, एक्सल बसतो.  चुकीचा भाग बसवताना आपल्याला अडचणच येत नाही, म्हणून फसगत होते. नव्याने या कामात पडणाऱ्याने "बसला की, मग त्याचाच असणार" हा विचार पहिल्या दिवशी सोडून द्यावा.

हा लेख फक्त विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन जीपांबद्दल आहे. आराखडा एकच, कारखाने दोन. १९४१ ते १९४५ या काळात विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ७८ हजार गाड्या बनवल्या. जीपीडब्ल्यू या नावात जी म्हणजे सरकारी काम, पी ही फोर्डची ८० इंची गाडीची खूण आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा.

सुरुवातीला जवळ काय हवे

- टीएम ९-८०३ ही अमेरिकी सैन्याची १९४४ ची दुरुस्ती-पुस्तिका आणि एसएनएल जी-५०३ ही सुट्या भागांची यादी. यादीत विलीजचे आणि फोर्डचे दोन्ही क्रमांक आहेत. दोन्हींच्या प्रती इंटरनेटवर मिळतात. यादी छापून, बाइंडिंग करून वर्कशॉपमध्ये ठेवा. तेलकट हाताने मोबाइल चाळणे जमत नाही.
- इंची पाने, व्हर्निअर आणि आटे मोजायचा गेज.
- पितळी तारेचा ब्रश, प्लास्टिकची खरवडणी, रॉकेल, चुंबक, छोटा आरसा, टॉर्च.
- झाकणाचे डबे, कापडी पिशव्या, पत्र्याचे बिल्ले आणि बांधायची तार. कागदी चिठ्ठी तेलात विरघळते.
- गाडीचे आरसी बुक, जुने विमापत्र, विक्रीची पावती आणि घरातले जुने फोटो. लग्नाच्या वरातीतला एखादा फोटोही जाळी कधी बदलली ते सांगून जातो.

१. आधी फोटो, मग पाना

गाडी धुऊ नका, ग्राइंडर लावू नका, सँडब्लास्टिंगला पाठवू नका. आहे त्या स्थितीत दीडदोनशे फोटो काढा. चिखलाखाली आणि रंगाच्या थराखाली ठसे असतात. ग्राइंडरची एक फिरकी फिरली की ते कायमचे गेले.

सगळ्यात मोठी चूक माझ्याकडून इथेच झाली. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री, ज्यांना मी मामा म्हणतो, सत्तरी ओलांडलेले, हाताला अतिशय चांगले. बॉडी उतरवताना निघालेले गंजके बोल्ट एका घमेल्यात टाकलेले होते. मामा म्हणाले, "बोल्टचं काय घेऊन बसलाय, किलोवर नवे मिळत्यात." घमेले भंगारात गेले. महिन्याभराने एका कोपऱ्यात अडकून राहिलेला एक बोल्ट साफ केला, तर डोक्यावर वळणदार 'एफ' हे अक्षर. फोर्डने स्वतःच्या भागांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, हा ठसा मारला होता. त्या घमेल्यात असे किती होते ते आता कधीच कळणार नाही. मामांना मी दोष देत नाही. गोळा करून ठेवायचे आहे, हे मी त्यांना सांगायला हवे होते. तुम्ही पहिल्या दिवशी सांगा, आणि प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्या भोकाचे नाव लिहून पिशवीत ठेवा.

२. चासी कोणाची?

गाडी कोणती, हे चासीवरून ठरवा. बाकी सगळे बदलता येते.

समोर खाली बसा आणि रेडिएटरच्या खालचा, दोन चासीपट्ट्या जोडणारा पुढचा आडवा दांडा बघा. तो गोल नळीचा असेल तर विलीज. उलट्या 'यू'सारखा, चौकोनी पत्र्याचा असेल तर फोर्ड. ही खूण लांबूनही दिसते आणि रंगाने झाकत नाही. माझ्या गाडीच्या बाबतीत सगळा उलगडा इथून सुरू झाला.

मग स्टिअरिंग बघा. युद्धकाळातल्या या दोन्ही जीपांचे स्टिअरिंग डावीकडेच होते. उजवीकडे असेल तर ते नंतर हलवले आहे. अशा वेळी डाव्या पट्टीवर स्टिअरिंग बॉक्सची जुनी भोके, वेल्डिंगने बुजवलेल्या जागा आणि कापलेले कोन शोधा. पुन्हा डावीकडे न्यायचे असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम १२० वाचून घ्या. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतले सिग्नल-साधन बंधनकारक आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे इंजिनखालचा भाग. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपांत डिझेल इंजिन टाकले गेले आणि ते बसवण्यासाठी चासीचे आडवे दांडे कापले गेले. कापलेली चासी दुरुस्त होते, पण तो खर्च गाडीच्या किमतीत आधी धरा.

३. नंबर कुठे शोधायचे

फोर्डचा चासी नंबर डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, पुढच्या इंजिन मौंटिंगच्या आसपास थेट ठोकलेला असतो आणि जीपीडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होतो. विलीजचा नंबर एका छोट्या प्लेटवर असतो. ती प्लेट बंपरच्या मागे, डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेटने बसवलेली असते. बहुतेक वेळा प्लेट गेलेली असते, पण रिव्हेटची भोके राहतात. रॉकेल आणि पितळी ब्रश यांखेरीज तिथे काही लावू नका.

इंजिनचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे, ऑइल फिल्टरच्या खालच्या सपाट उंचवट्यावर असतो. एमबी, जीपीडब्ल्यू किंवा नागरी सीजेसाठी जे, अशी सुरुवात दिसेल.

आता एक सापळा सांगतो. कारखान्यातून निघताना फोर्डचा इंजिन नंबर आणि चासी नंबर एकच असे. विलीजचे दोन नंबर वेगळे असत. त्यामुळे "नंबर जुळणारी विलीज" म्हणून कोणी जादा पैसे मागू लागला तर तिथेच थांबा.

आरसीवर काय आहे तेही ताडून बघा. जुन्या आरसीत कित्येकदा इंजिनचाच नंबर चासी नंबर म्हणून लिहिलेला असतो. सालसुद्धा बनावटीचे नसून डिस्पोजलनंतरच्या पहिल्या नोंदणीचे असते. आरसीवर १९५२ दिसले म्हणून गाडी लढाईनंतरची ठरत नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: नंबर पुसट आहे म्हणून कोणी नवा ठोकून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. चासी नंबरात फेरफार करणे गुन्हा आहे. पुसट नंबराचे काय करायचे ते आरटीओत अर्ज करूनच ठरवा.

ग्लोव्हबॉक्सच्या दारावरच्या तीन प्लेटांत एकीवर गाडी सैन्याला दिल्याची तारीख असते. ती बघून हुरळून जाऊ नका. हव्या त्या तारखेच्या नव्या प्लेटा करून मिळतात. प्लेटमागच्या पत्र्यावर जुन्या रंगाची चौकट आणि जुनी भोके जुळतात का ते बघा.

४. बॉडी आणि जाळी

जाळीच्या फटी मोजा. नऊ असतील तर युद्धकाळातली, सात असतील तर नागरी. अगदी सुरुवातीच्या, सुमारे पंचवीस हजार विलीजना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी फोर्डने आणली आणि १९४२ मध्ये विलीजने ती उचलली. युद्धकाळातल्या जाळीत हेडलाइट आत बसलेले असतात आणि रात्री इंजिनवर उजेड पाडण्यासाठी बिजागरीवर उलटे फिरतात. नागरी जीपचे हेडलाइट मोठे आणि बाहेर आलेले असतात.

पेट्रोलचे तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली असायला हवे. बॉडीच्या बाहेरून पेट्रोल भरता येत असेल तर ती बॉडी नागरी. मागे उघडणारे फळकूट असेल तरीही नागरी. युद्धकाळातल्या जीपचा मागचा पत्रा अखंड असतो, त्यावर उजवीकडे स्टेपनी, आणि आत मागच्या दोन कोपऱ्यांत झाकणाचे हत्यारखण. समोरची काच दोन तुकड्यांची असायला हवी. सीजे-३बीची काच एकसंध असते आणि तिचे बॉनेटही उंच असते.

मागच्या पत्र्यावर डाव्या बाजूला विलीज किंवा फोर्ड असे नाव ठोकलेले असेल तर गाडी १९४२ च्या मध्याच्या आधीची असू शकते. त्यानंतर सरकारी हुकमाने नावे बंद झाली. "असू शकते" म्हणतो, कारण नव्या बनावटीच्या बॉडीवरही हे नाव ठोकून मिळते. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीपच्या नव्या बॉड्या आजही बनतात. जुनी आणि नवी वेगळी काढायची असेल तर जोड बघा. जुन्या कारखान्याच्या जोडावर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डिंगच्या छोट्या खळग्या ओळीने दिसतात. हाताने केलेल्या कामात वेल्डिंगची सलग शिवण दिसते, नाहीतर ती घासून वर लांबी (पुट्टी) भरलेली असते. चुंबक फिरवा, जिथे पकड सुटते तिथे लांबीचा थर जाड आहे.

१९४४ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांना अमेरिकन सेंट्रल या एकाच कारखान्याच्या बॉड्या जाऊ लागल्या. म्हणून त्या काळातल्या गाडीची बॉडी बघून विलीज-फोर्ड ठरवायला जाऊ नका.

५. इंजिन

मूळ इंजिन चार सिलिंडरचे, १३४ घनइंचांचे म्हणजे जवळपास २,२०० सीसीचे, ६० अश्वशक्तीचे. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे वरचे हेड सपाट. सीजे-३बीच्या इंजिनाची क्षमता तीच, पण आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये आहे, म्हणून वर उंच झाकण दिसते. ही ओळख पाच सेकंदांत होते.

सपाट हेडचे इंजिन असेल तर पुढे जा. टायमिंगचे झाकण उघडण्याची वेळ आली की आत बघा. युद्धकाळातल्या इंजिनात चेन असते. नागरी सीजेच्या काळात तिच्या जागी गियर आले. फोर्डच्या ओतकामावर जीपीडब्ल्यू आणि पुढे भागाचा क्रमांक उठावात दिसतो, विलीजच्या भागांचे क्रमांक यादीत 'ए' अक्षराने सुरू होतात.

कार्ब्युरेटर मूळचा कार्टर डब्ल्यूओ. आपल्याकडे बहुतेक जीपांवर सोलेक्स मिळेल, आणि कार्टरच्या हुबेहूब नकलाही भरपूर आहेत. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर ऑटो-लाइटचे आणि सगळे ६ व्होल्टचे. वायरिंग १२ व्होल्टचे झाले असेल तर जुने भाग बहुधा तेव्हाच गेले.

६. गियरबॉक्स आणि एक्सल

गियरबॉक्स टी-८४ हवा. नागरी गाड्यांत टी-९० असतो. टी-९० अधिक दणकट आहे आणि रोज चालवायची असेल तर मीही तोच ठेवीन. फक्त टी-८४ काढलेला असेल तर फेकू नका, गाडीबरोबर जपा.

मागच्या चाकाच्या मध्यभागी बघा. सहा बोल्टांनी आवळलेली चकती दिसली तर एक्सल युद्धकाळाच्या पद्धतीचा आहे. एकच मोठा नट आणि त्यात पिन असेल तर तो नंतरचा. अगदी पहिल्या सीजे-२ए गाड्यांना मात्र सहा बोल्टांचा एक्सलही मिळाला होता, म्हणून दातांची खातरजमा करा. मूळ डिफरन्शियलचे दात ३९ आणि ८, म्हणजे ४.८८ चे प्रमाण. नागरी गाडीचे ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. उघडायचे नसेल तर मागची दोन्ही चाके वर घ्या, गियर न्यूट्रल करा आणि प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवा. दोन्ही चाकांचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत शाफ्टचे पाचाला थोडे कमी फेरे झाले तर मूळ, साडेपाचाच्या जवळ गेले तर बदललेला. पुढचा एक्सलही असाच तपासा. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ असे असेल तर फोर-व्हील लावताच ट्रान्स्फर केस, म्हणजे दोन्ही एक्सलांना जोर वाटून देणारी पेटी, ताणाखाली येतो आणि मोडू शकतो. माझ्या गाडीत नेमके हेच होते. इतकी वर्षे ती वाचली, कारण त्या घराने फोर-व्हील कधी लावलाच नाही.

चाके काढताना दोन गोष्टी सांभाळा. डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. चुकीच्या दिशेने पाइप लावून जोर केला तर स्टड तुटतो. आणि दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली लष्करी रिम असेल तर टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय रिमच्या नटांना हात लावू नका. रिम उडून माणूस मरू शकतो.

७. नट, बोल्ट आणि आटे

एवढ्याशा बोल्टांसाठी वेगळी पायरी कशाला, असे वाटेल. पण गाडीचा खरा इतिहास मला बोल्टांनीच सांगितला. सगळे मूळ आटे इंची आहेत. आपल्या मिस्त्रींना इंच सुतांत कळतात, आठ सुतांचा एक इंच: तीन सुती म्हणजे तीन अष्टमांश. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा भरतो आणि आठ मिलिमीटरचा मेट्रिक नट त्यावर एखाददुसरा फेरा जातो. नवशिक्या कारागिराला वाटते, गंजामुळे अडला आहे, आणि तो पान्याने रेटतो. आटे तिथेच संपतात. आधी गेज लावा. मेट्रिक बोल्ट निघाला की समजा, ही जागा नंतर कोणीतरी उघडली आहे. त्या जागी टिपण करा. तिथला बाकीचा भागही संशयित.

बोल्ट साफ करायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने गंज उतरवणे सगळ्यात सौम्य. भाग ऋण टोकाला, समोर साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला, आणि सगळे मोकळ्या हवेत, कारण हायड्रोजन निघतो. समोर स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी पाणी होते. मोठ्या लोखंडी भागांना पशुखाद्याच्या दुकानातली मळी चालते: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे. कार्ब्युरेटरसारखे जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका, खाऊन जातील.

८. बाजारात भाग घेताना

कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या मायापुरीत जीपचे भाग अजून मिळतात. जाताना यादीतला क्रमांक, मापे आणि तुमच्या भागाचा फोटो न्या. "जीपचा अमुक द्या" म्हणालात तर सीजेचा मिळेल, आणि दुकानदाराची त्यात चूक नाही.

भाग हातात घेतल्यावर त्याच्या कडेची रेघ बघा. घडीव भागावर साच्याच्या जोडाची रेघ रुंद असते, ओतीव भागावर बारीक. मूळ भाग घडीव आणि हातातला ओतीव असेल तर तो नक्कल आहे, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांसारख्या ठिकाणी जिवावर बेतणारा. नकलेची अक्षरे बोथट आणि भोवतीचा पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत असतो. उलट, 'एफ'चा ठसा अगदी धारदार आणि आजूबाजूचा गंज जुना, असे दिसले तर ठसा नंतर मारला आहे. एका विक्रेत्याने मला असाच ठसा मारलेले चार हुक दाखवले होते. ठशाच्या तळाशी धातू चकचकीत होता.

ब्रेकचे रबर, होज, वायरिंग, बेअरिंग नवेच घ्या. तिथे जुनेपणाचा हट्ट नको.

९. किती मूळ करायचे?

चासी फोर्डची आणि इंजिन एमबी नंबराचे, असे निघाले तर लगेच "चुकीचे" म्हणू नका. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेल्या जीपांची इंजिने सरसकट अदलाबदल होत. बाकी युद्धकाळातले भाग तसेच असतील तर तो संकर लढाईतलाच असण्याची शक्यता मोठी. मी तो मोडणार नाही. सीजेचे इंजिन आणि सात फटींची जाळी मात्र मी बदलली, कारण ती शेतावरच्या दिवसांतली होती. काढलेले भाग त्या कुटुंबाला परत दिले. त्यांच्या आठवणी त्या जाळीशी जोडलेल्या आहेत.

१०. रंग आणि आरटीओ, याच क्रमाने नाही

रंगाआधी जुने थर वाचा. ग्लोव्हबॉक्सच्या आत, प्लेटांखाली, सीटखाली ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून गोल फिरवा. झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतील. जुन्या रंगात शिसे असते, मास्क लावा आणि कोरडे घासू नका. बॉनेटच्या कडेला २० ने सुरू होणारा लष्करी नंबर उमटला तर फूटपट्टी ठेवून फोटो काढा, अक्षरांची उंचीही त्यात येते.

मूळ रंग मळकट, बिनचमकीचा ऑलिव्ह. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखतो. म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी आरटीओला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. पूर्ण रंगवून मग खरवडायला लागलेला माणूस मी पाहिला आहे.

२०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी विंटेज नोंदणी आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मागच्या सगळ्या पायऱ्यांचे फोटो इथे कामी येतात. फॉर्म २०, विमापत्र, जुनी आरसी आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री लागते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर रोज न्यायची असेल तर हा मार्ग धरू नका.

तपासणीला जाताना चासी नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा दोन प्रतींत न्या. आणि रंगाऱ्याला आधीच बजावून ठेवा: नंबराभोवतीच्या वीतभर जागेवर प्रायमरचा जाड थर नको, एकच पातळ हात मारायचा.